नवी मांजर, आठवड्याभरात पाच दुखणी: आधी कशाला हात घालायचा?

प्रश्न थोडक्यात असा. सिंहगड रोडवर राहणाऱ्या एका ताईंनी शहराबाहेरच्या एका शेल्टरमधून साधारण दीड वर्षांची मांजरी दत्तक आणली. तिचं नाव चिमी. चौथ्या-पाचव्या दिवशी ती शिंकायला लागली, एक डोळा चिपडांनी चिकटायला लागला, शी पातळ झाली. कानात काळा मळ होताच, मग कानामागे रुपयाच्या नाण्याएवढं टक्कल दिसलं. जवळच्या डॉक्टरांनी किटवर रक्त तपासलं तर एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) पॉझिटिव्ह, ल्युकेमिया (मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू) निगेटिव्ह. तेवढ्यात आठ वर्षांच्या मुलीच्या दंडावर लाल गोल चट्टा उठला. घरात गुंड्या नावाचा सात वर्षांचा बोका आहे, तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या पार्किंगमधून उचललेला, नसबंदी झालेला. सासूबाईंच्या कानावर 'मांजरीला एड्स' एवढंच पडलंय. नवरा म्हणतो, परत देऊन ये. शेल्टरवाले म्हणतात, आमच्याकडे तर ठणठणीत होती. ताई विचारतात: आम्हाला फसवलं का, चिमीला ठेवायचं का, आणि गुंड्याचं नि मुलीचं काय?

ताई, यादी लांब आहे हे खरं, पण तुम्ही ज्या क्रमाने घाबरला आहात तो क्रम मला मान्य नाही. सगळ्यात मोठी भीती एफआयव्हीची, मग शिंकांची, आणि कानामागच्या टकलाचा उल्लेख जाता जाता. मी हे जवळजवळ उलटं लावेन. डोळा आणि खाणं हे आजचं काम. कानामागचं टक्कल म्हणजे बहुतेक गजकर्ण, आणि पुढचे दोन महिने तुमचा घाम काढणार आहे ते हेच. एफआयव्हीसाठी आज जवळजवळ काहीच करायचं नाहीये. 'जवळजवळ' का म्हणते, ते पुढे येईलच.

आधी फसवणुकीचं. मांजरांचा एक हर्पीस विषाणू असतो. तापानंतर आपल्या ओठांवर फोड येतात त्या विषाणूच्या घराण्यातला, पण माणसाला न लागणारा. पिल्लूपणी एकदा लागला की बहुतेक मांजरांमध्ये तो चेहऱ्याच्या नसांच्या मुळाशी जन्मभर दडून बसतो आणि ताण आला की डोकं वर काढतो. ताणाच्या प्रसंगानंतर साधारण ४ ते ११ दिवसांनी विषाणू पुन्हा नाका-डोळ्यांवाटे बाहेर पडू लागतो. चिमीची गाडी, पिंजरा, नवं घर, दाराबाहेरून फिसकारणारा गुंड्या, वर नदीकाठी चाललेला ढोल-ताशांचा सराव, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी शिंका. यात लपवाछपवी दिसत नाही. लसीचं कार्ड खोटं असेल असंही समजू नका. ही लस आजाराचा जोर कमी करते, विषाणूला शरीरात शिरण्यापासून पूर्ण रोखत नाही. गजकर्णाचंही तसंच. संसर्ग झाल्यापासून केस गळायला एक ते तीन आठवडे जातात, म्हणजे दत्तक घेतलंत त्या दिवशी ते टक्कल बहुधा तिथे नव्हतंच. राहिली एफआयव्हीची चाचणी. पुष्कळ शेल्टर प्रत्येक मांजरीची ती करत नाहीत. तेच पैसे लसी आणि नसबंदीला लावतात, आणि माझ्या मते ते योग्य करतात. कानातला मळ मात्र त्यांना दिसायला हवा होता. तेवढा ठपका देऊ.

तेव्हा शेल्टरला फोन जरूर करा, पण भांडायला नको, कळवायला. चिमीसोबत ज्या मांजरी होत्या त्यांच्या अंगावर गजकर्ण शोधायला हवं. आणि त्याच फोनवर लसींच्या तारखा, जंतांचं औषध कधी दिलं, नसबंदी झाली आहे का, पूर्वी कधी अशा शिंका आल्या होत्या का, हे विचारून लिहून घ्या.

आता डोळा. तुमच्या डॉक्टरांनी डोळ्यात फ्लुरेसीनचा नारिंगी रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिलं का? बुबुळावर व्रण असेल तर तेवढाच भाग हिरवा चमकतो. दोन मिनिटांची तपासणी आहे, झाली नसेल तर आज जाऊन करून घ्या, कारण हर्पीसमध्ये असे व्रण होतात आणि स्टेरॉइडचा थेंब पडला तर ते चिघळतात. आपल्या घरांत फ्रिजच्या दारात आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची अर्धी बाटली असते ना, तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइडच असतं. तिला हात लावू नका. गुलाबपाणीही नको. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाच्या बाजूकडून बाहेर पुसायचं, प्रत्येक डोळ्याला नवा बोळा. थेंब घालताना मांजरीच्या समोर बसलात तर ती बाटली पाहूनच पळेल. तिला गुडघ्यांच्या बेचक्यात पाठमोरी घ्या, हनुवटी वर उचला आणि बाटली डोक्याच्या मागून आणा.

डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लीन दिलं असेल तर एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा. ही गोळी नुसती गिळवली तर मांजरीच्या अन्ननलिकेत अडकून राहते, तिथे जखम होते आणि नंतर नळी आकसते. मग खाल्लेलं सगळं उलटून येतं, नि त्यावरचे उपचार गोळीपेक्षा कितीतरी महाग. गोळीमागून लगेच सुई काढलेल्या सिरिंजने ५-६ मिली पाणी गालाच्या फटीतून हळूहळू सोडा, किंवा आवडतं ओलं खाणं चमचाभर चाटवा. हर्पीसवर विषाणूविरोधी औषध लागलंच तर मांजरांसाठी फॅमसायक्लोव्हिर वापरतात, तेही डॉक्टरांनी वजनावर हिशेब करून दिलेलं. माणसांचं असायक्लोव्हिर पोटात देणं मांजरीला घातक आहे. लायसीनची पावडर एके काळी सगळेच लिहून द्यायचे. नंतरच्या अभ्यासांत तिचा उपयोग दिसला नाही, ते पैसे वाचवा.

सर्दी-तापाला आपला हात आपसूक क्रोसिनकडे जातो. मांजरीच्या बाबतीत तो वाटेतच थांबवा. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. तिच्या यकृतात हे औषध निकामी करणारी यंत्रणाच तोकडी असते. त्याच कारणाने फरशी पुसायचं फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकंही तिला बाधतात. ती ओल्या फरशीवरून चालते, मग पंजे चाटते. चिमीच्या खोलीत साध्या साबणाच्या पाण्याने पुसा.

डोळ्याइतकंच महत्त्वाचं आहे खाणं. नाक चोंदलं की मांजरीला वास येत नाही, आणि वास नाही तर तिच्या लेखी ते अन्नच नाही. माणसाने दोन दिवस लंघन केलं तर बिघडत नाही. मांजर, विशेषतः गुबगुबीत मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते, आणि ते दुखणं मूळ सर्दीपेक्षा भारी पडतं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, अठ्ठेचाळीस तासांची वाट बघायची नाही. घरी करण्यासारखं म्हणजे: बाथरूममध्ये गीझरचं गरम पाणी सोडून वाफ धरा आणि तिला घेऊन दहा मिनिटं आत बसा. ओलं खाणं अंगाच्या उबेइतकं कोमट करा. त्यावर धुऊन भाजलेलं सुकट चिमूटभर चुरा, अर्थात सासूबाईंना स्वयंपाकघरात चालत असेल तर. नाहीतर कांदा-लसूण-मीठ न घालता उकडलेल्या चिकनचं पाणी. दूध-पोळी आणि दूध-भात बंद. पातळ शीचं निम्मं कारण कदाचित तिथेच निघेल. मोठ्या मांजरींना दूध पचत नाही, आणि मांसाशिवाय त्यांचं भागत नाही.

शीबद्दल जास्त लिहीत नाही. जंतांचं औषध वजनानुसार परत द्या. शेल्टरमधलंच खाणं आठवडाभर चालू ठेवून नवं हळूहळू मिसळा. तरीही पातळच राहिली तर ताजी शी काही तासांच्या आत तपासायला न्या, एक दिवसाची नव्हे, दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांची. गर्दीत राहिलेल्या मांजरींमध्ये जिआर्डिया, कॉक्सिडिया आणि ट्रायट्रायकोमोनास हे आतड्यातले तिघे परजीवी वारंवार भेटतात. तिघांची औषधं वेगळी आहेत, त्यामुळे अंदाजाने मेट्रोनिडॅझोल पाजत बसण्यात अर्थ नाही. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं तर तो पट्टकृमी, आणि तो पिसवांमधून येतो. मग पिसवांचंही औषध करावं लागेल.

कानातला काळा मळ कॉफी पावडरीसारखा कोरडा, दाणेदार असेल तर ते कानातले माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे. थोडा मळ काळ्या कागदावर झटकून टेबललॅम्पखाली भिंगातून पाहा, पांढरे ठिपके चालताना दिसतात. मानेवर टाकायचं सेलामेक्टिनसारखं औषध चालतं, गुंड्यालाही त्याच दिवशी टाका. अंड्यापासून माइट तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात म्हणून एकदा टाकून थांबू नका. खोबरेल, करंजेल वगैरे कानात ओतू नका. आणि कुत्र्याचं पिसवांचं औषध 'अर्धं टाकू' म्हणून कधीच नाही. त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजर झटके येऊन मरू शकते.

आता गजकर्ण. हेच तुमचं खरं काम, म्हणून इथे जरा सविस्तर.

मांजरांमधलं बहुतेक गजकर्ण मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीचं असतं. ती केसांच्या काड्यांवर वाढते, आणि मांजर केस घरभर पेरते. प्रत्येक तुटक्या केसावर बीजाणू असतात आणि ते कोरड्या जागी वर्षभराहूनही जास्त टिकू शकतात. मांजर जीवाला मुकत नाही, निरोगी मांजरीत हे कालांतराने आपोआपही बरं होतं. पण तोवर घरातली पोरं, म्हातारी माणसं, गुंड्या आणि तुमच्या सगळ्या गोधड्या त्याच्या तावडीत येतात.

निदान आधी पक्कं करा. अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्पखाली, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याखाली, पाहिलं तर बाधित केस मुळापासून हिरवट चमकतात. केसाची काडी चमकायला हवी. नुसता कोंडा, मलम किंवा धूळ चमकली तर ती धरायची नाही. चमकणारे केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून पाहायला, दोन-तीन आठवडे लागतात, पण नमुना आजच द्या. गुंड्याचाही द्या, त्याच्या अंगावर काही दिसत नसलं तरी. त्याची पद्धत सोपी आहे. कोरा टूथब्रश घ्यायचा, पाकिटातून काढल्याबरोबर त्याच्या सगळ्या अंगावरून दोन-तीन मिनिटं फिरवायचा, तोंड, कान, पंजे धरून, आणि त्याच पाकिटात बंद करून लॅबला द्यायचा. अंगावर डाग नसलेली मांजरही केसांवर बीजाणू वाहते, ते असं सापडतं.

उपचार आतून आणि बाहेरून असे दोन्ही लागतात. आतून इट्राकोनॅझोल, बहुतेक वेळा एक आठवडा चालू, एक आठवडा बंद, अशा तीन फेऱ्या. बाहेरून मायकोनॅझोल आणि क्लोरहेक्झिडीन असलेला शॅम्पू आठवड्यातून दोनदा, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवून. आजारी मांजरीला पहिल्या आठवड्यात आंघोळ घालू नका, शिंका थांबून खायला लागली की सुरू करा. तोवर डागावर डॉक्टर सांगतील ते मलम.

आणि इथे एफआयव्हीचा संबंध येतो, म्हणून मघाशी 'जवळजवळ' म्हटलं. गजकर्णावर ग्रिसिओफल्विन नावाचं जुनं, स्वस्त औषध आहे. एफआयव्ही असलेल्या मांजरींमध्ये त्याने अस्थिमज्जा दबून पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने कमी होतात. तेव्हा दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात गेलात तर 'एफआयव्ही पॉझिटिव्ह आहे, ग्रिसिओफल्विन नको' हे वाक्य तुम्ही स्वतः, न विचारता, सांगा.

खोलीचं म्हणाल तर मागची बेडरूम चिमीला द्या. गालिचा, उशा, गोधड्या, सॉफ्ट टॉइज सगळं बाहेर काढा, पलंगावर रोज बदलता येईल अशी एकच चादर. झाडू मारू नका, केस उडून बाहेर जातात. व्हॅक्यूम असेल तर उत्तम, नसेल तर ओल्या फडक्याने रोज गोळा करा. बुरशीशी लढाईत केस उचलणं हे जंतुनाशकाच्या आधीचं काम आहे, लोक नेमकं उलटं करतात. आठवड्यातून दोनदा, चिमीला बाथरूममध्ये ठेवून, साधारण ५ टक्क्यांच्या घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे बत्तीस भाग असं करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवा, मग साध्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून तिला आत घ्या. टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधी मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. कपडे मशीनमध्ये लागोपाठ दोनदा धुतले की पुरे, उकळायची गरज नाही. सध्या पावसात पुण्यात काहीच धड वाळत नाही, म्हणून मुळात खोलीत कापड कमी ठेवा. आधी गुंड्याचं सगळं आवरायचं, मग चिमीच्या खोलीत जायचं, आणि त्या खोलीसाठी दाराला एक जुना शर्ट टांगलेला ठेवायचा. आत जाताना घाला, येताना काढा, हात कोपरापर्यंत धुवा.

पण तिला तिथे एकटं कोंडून टाकू नका. दीड वर्षांची मांजर आहे, खेळ तर हवाच. दिवसातून दोन-तीनदा कोणीतरी आत बसा, दोरी-चेंडू खेळवा, पुसता येतील अशी खेळणी द्या. डाग भरून केस आले म्हणजे बरी झाली असं नाही, कल्चर निगेटिव्ह आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

मुलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या आणि 'घरात मांजरीला गजकर्ण आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. साधं बुरशीचं मलम काही आठवडे लावलं की लहान चट्टा बहुधा जातो. डोक्याच्या केसांत असेल तर पोटातून औषध लागतं. मेडिकलवाल्याने परस्पर दिलेली तीन-चार औषधं मिसळलेली ट्यूब मात्र नको. तिच्यात स्टेरॉइड असतं, दोन दिवसांत खाज थांबते, आणि बुरशी खालून पसरत राहते. आपल्याकडे माणसांचं गजकर्ण इतकं हट्टी व्हायला या ट्यूबांनी चांगलाच हातभार लावलाय. सासूबाईंना मधुमेह असेल किंवा घरात कुणाची केमोथेरपी वगैरे चालू असेल तर त्यांनी त्या खोलीत जाऊच नये. मुलीला चिमीने कधी चावलं किंवा ओरखडलं असेल तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, चिमीला रेबीजची लस दिलेली असली तरी.

आता एफआयव्ही. सासूबाईंना आधी हे सांगा की हा विषाणू माणसाला लागत नाही, चावून नाही, ओरखडून नाही, एका ताटात खाऊनही नाही. तो एचआयव्हीच्या कुळातला आहे म्हणून ते नाव पडलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी एका घरातल्या आजारी मांजरींमध्ये १९८६ साली नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांना तो सापडला. मांजरीमांजरींतही तो मुख्यत: खोल चाव्यातून जातो, म्हणजे हद्दीवरून भांडणाऱ्या, नसबंदी न झालेल्या बोक्यांचा हा आजार. एका ताटात खाणं, एकमेकांना चाटणं यातून पसरायची शक्यता फार कमी. ल्युकेमियाचं गणित वेगळं आहे, तो लाळेतून सहज जातो. चिमीला तो नाही ही तुमच्या रिपोर्टमधली खरी चांगली बातमी, पण तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलेलं दिसत नाही.

शिवाय एका किटवर शिक्का मारायचा नसतो. किट विषाणू शोधत नाही, त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं शोधतं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांत ती आईकडून आलेली असू शकतात. चिमी मोठी आहे, त्यामुळे ती सबब इथे चालत नाही, पण चुकीचा पॉझिटिव्ह अधूनमधून येतोच. दोनेक महिन्यांनी, ती बरी झाल्यावर, वेगळ्या कंपनीच्या किटवर परत तपासा, शंका राहिली तर पीसीआर, म्हणजे थेट विषाणूचा अंश शोधणारी चाचणी, पाठवा. पीसीआर निगेटिव्ह आला म्हणजे विषाणू नाहीच असं मात्र होत नाही, म्हणून दोन्ही निकाल शेजारी ठेवून डॉक्टरांशी बोला.

आणि खरंच असला तर? एफआयव्ही असलेल्या कितीतरी मांजरी वर्षानुवर्षं काही लक्षण न दाखवता जगतात, पुष्कळदा इतर मांजरींइतक्याच. त्यांना लागतं ते एवढं: घराबाहेर सोडायचं नाही, कच्चं मांस नाही, सहा महिन्यांनी तपासणी, वजन आणि हिरड्यांकडे लक्ष. हिरड्या लालबुंद, तोंडाला वास, खाताना डोकं तिरकं करून ओरडणं हे दिसलं तर थांबायचं नाही. लसी आजारपणात नाहीत, बरी झाल्यावर, आणि मिळत असेल तर मृत विषाणूची. खिडक्यांना कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी आहे का? मांजरी ती चावून फाडतात. चिमी बाहेर येण्याआधी तारेची लावून घ्या.

गुंड्याची काळजी तुम्ही करताय, पण त्याची चाचणी कधी केली होती? चार वर्षांचा होईपर्यंत पार्किंगमध्ये हाणामाऱ्या करत फिरलेला बोका. दोघांत एफआयव्हीची जास्त शक्यता कुणाची असं मला कुणी विचारलं असतं तर मी गुंड्याकडेच बोट दाखवलं असतं. आधी त्याचं रक्त तपासा. तो निगेटिव्ह असेल आणि दोघांची गट्टी जमली, भांडणं फिसकारण्यापुरतीच राहिली, तर दोघं एका घरात राहू शकतात. चिमीची नसबंदी झाली नसेल तर सर्दी पूर्ण बरी झाल्यावर करून घ्या, शिंकणाऱ्या मांजरीला भूल देऊ नये.

दोघांची ओळख करून देताना एक सल्ला तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल: एकीची चादर दुसऱ्याला द्या, वासाची सवय होऊ द्या. एरवी उत्तम सल्ला. गजकर्ण असताना मात्र ती चादर म्हणजे बीजाणूंची पार्सल सेवा. सध्या फक्त बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या ठेवा. सक्तीच्या विलगीकरणाचा एवढा फायदा, की ओळख घाईने होणार नाही. एरवी लोक पहिल्याच संध्याकाळी दोघांना समोरासमोर बसवतात.

कोणत्या गोष्टी दिसल्या तर रात्री-अपरात्री धावायचं? तोंड उघडं ठेवून धापा टाकणं. पुन्हापुन्हा उलट्या आणि अंग टाकून देणं, मग ती चिमी असो वा गुंड्या. तो पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार, असू शकतो, आणि म्हणूनच गुंड्याची लस मागे पडली असेल तर डॉक्टरांशी आजच बोला. आणि गुंड्या लघवीला बसून जोर करतोय, पण थेंबही येत नाही. घरात नवी मांजर आली की ताणाने बोक्यांची लघवी अडकते, तो तासांचा खेळ असतो.

अजून एक, सावकाश येणारं. पुढच्या काही आठवड्यांत चिमीचं पोट फुगलं आणि पाठ मात्र वाळत गेली, किंवा अँटिबायोटिकला न जुमानणारा ताप राहिला, तर डॉक्टरांकडे एफआयपीचा (मांजरांच्या कोरोनाविषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार) विषय काढा. दोन वर्षांखालच्या, गर्दीतून आलेल्या मांजरींत तो जास्त दिसतो. पूर्वी हे नाव ऐकलं की आम्ही मालकांना निरोपाची तयारी करायला सांगायचो. आता जीएस-४४१५२४ या औषधाने चित्र पालटलंय. त्यावरचा पेडरसन यांच्याच गटाचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३१ पैकी २६ मांजरींनी बारा आठवड्यांचा कोर्स पूर्ण केला, जिथे आधी जवळपास सगळ्याच मरत. चिमीला हे आहे असं मी अजिबात म्हणत नाही. लवकर ओळखलं तर उपयोग होतो, एवढ्यासाठी सांगितलं.

परत द्यायची का? घरात वेगळी खोलीच नसती, कुणाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असती किंवा चिमीला ल्युकेमिया निघाला असता तर मी 'द्या' म्हटलं असतं, आणि त्यात लाज वाटायचं कारण नाही. तुमच्याकडे खोली आहे, ल्युकेमिया नाही, आणि तिचं दुखणं एक सोडून सगळं बरं होणारं आहे. परत पाठवलीत तर पुन्हा गाडी, पुन्हा गर्दी, पुन्हा हर्पीस. यजमानांना म्हणा, दोन महिने द्या, मग बोलू.

पैशांचं शेवटी. एका दिवसात पूर्ण बॉडी चेकअपचं पॅकेज घेऊ नका. या आठवड्यात डोळ्याची तपासणी, वुड्स लॅम्प, दोघांचं बुरशीचं कल्चर आणि शीची तपासणी. इट्राकोनॅझोल सुरू करण्याआधी यकृताची साधी रक्ततपासणी. तिला घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकटीने, आणि फरक दर रविवारी कॅलेंडरवर लिहा. शंभर-दीडशे ग्रॅमचा चढउतार दिसायला लहान मुलांचा काटा असेल तर आणखी बरं. गुंड्याचं रक्त येत्या महिन्यात केव्हाही. रेबीजची लस चिमी बरी झाल्यावर, आणि तिचं प्रमाणपत्र जपून ठेवा. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांचीही नोंदणी सक्तीची केली, तेव्हा ते लागेल. एफआयव्हीची फेरतपासणी आणि हिरड्या-दातांचं जे काय असेल ते दोन महिन्यांनी, वजन वाढतंय अशी खात्री झाल्यावर.